आयस आली

पालघरच्या मासळीबाजारातून जायचं म्हणजे नलू पदर नाकाला लावायची आणि समोरच्या किराणा दुकानाच्या पाटीवर नजर ठेवून झपाझपा सुटायची. वाईला नदीकाठी वाढलेलं तिचं नाक. तीनेक वर्षं पालघरात काढून ते रेल्वेच्या धुराला सरावलं, बोंबलाला काही सरावलं नाही. स्टेशनवर जायला दुसरा रस्ता होता, पण तो लांबून, आणि नलूला नेहमीच उशीर झालेला असायचा. त्या सकाळी मात्र उशीर झालेला नव्हता. उलट ती वेळेआधीच निघाली होती, कारण रात्रभर झोप अशी लागलीच नव्हती. आज नवापूरहून अडीच वर्षांच्या लाडकीला आणायचं होतं. बाजाराच्या मधोमध, उपड्या टोपलीवर एक चार वर्षांची मुलगी बसून भोकाड पसरत होती, आणि सातपाटीची एक बाई हातातला कोयता तसाच धरून ओरडत होती, "कोनाची गो ही पोर? हिची आयस कंय गेली?" शेजारणीनं ती हाक उचलली. "आयस! ए आयस, पोर रडते गो तुजी!" बघता बघता सगळ्या बाजाराच्या तोंडी एकच शब्द. आणि शेडच्या मागून ओले हात लुगड्याला पुसत एक किडकिडीत बाई धावत आली, पोरीच्या पाठीत एक धपाटा घातला आणि लगेच तिला उचलून छातीशी धरलं. एवढंच झालं. असं दिवसातून दहादा होत असेल. पण नलूच्या नाकावरचा पदर सुटला. तिनं कोयतेवालीला विचारलं, "आयस म्हणजे काय हो?" बाईनं तिला आपादमस्तक न्याहाळलं. "आयस म्हनजे आयस. आय. जल्म देनारी. तुमाला नाय काय?" आणि सगळ्याजणी हसल्या. नलूही हसली असावी. मग ती स्टेशनवर कशी पोचली, तिकीट कसं काढलं, हे तिला पुढे कधी आठवलं नाही.

गाडीत खिडकीशी बसल्यावर तिच्या कानात नवापूर वाजायला लागलं. बोईसरहून एसटी नवापूरच्या वळणावर थांबायची, नलू दुधाच्या भुकटीचे डबे आणि वजनाचा ताणकाटा सावरत उतरायची, आणि किनाऱ्यावर बांबूंच्या दोऱ्यांना बोंबील अडकवणाऱ्या बाया एकमेकींना हाळी द्यायच्या, "आयस आली! आयस आली गो, जमने!" पहिल्यांदा ऐकलं तेव्हा नलूनं मागे वळून पाहिलं होतं. बर्फाची लॉरी आली असणार. बोईसरला रस्त्याच्या कडेला 'आईस फॅक्टरी' अशी ठळक पाटी होती, मासळी बर्फात घालून मुंबईला जाते हेही तिला कुणीतरी सांगितलं होतं. नलू हुशार मुलगी, बी. ए. झालेली. तिनं तिथल्या तिथे ताळा जुळवला. आईस आली. लॉरी तेवढी कधी दिसली नाही, पण ती पुढे धक्क्यावर जात असेल. आणि एकदा हा ताळा जुळल्यावर तिला त्या हाळीचं कौतुकच वाटायला लागलं. आपली आणि बर्फाची वेळ नेमकी एकच कशी, असं तिनं पालघरच्या घरमालकिणीला हसून सांगितलंही होतं.

आता खिडकीच्या गजाला कपाळ टेकून ती एकेक प्रसंग पुन्हा बघू लागली, आणि प्रत्येक प्रसंग कूस पालटून तिच्याकडे तोंड करू लागला. एका उन्हाळ्यात लाडकीला पोसणाऱ्या जमनाची सासू रखमा ओट्यावर बसून म्हणाली होती, "आयसला लय लांबून यावा लागते. उनातानाचा." आणि नलू, घाम पुसत, पाण्याचा तांब्या तोंडाला लावण्याआधी म्हणाली होती, "हो ना. वाटेत निम्मी विरघळूनच जात असेल बिचारी." म्हातारीनं तिच्याकडे टक लावून पाहिलं होतं. मग पदर डोळ्यांना लावला होता. मग उठून, काही न बोलता, नलूच्या पाठीवरून हात फिरवला होता. तो हात खरखरीत होता आणि बराच वेळ तिथेच राहिला होता. नलूच्या मनात तेव्हा आलं होतं, ही माणसं आपल्या धंद्याबद्दल किती हळवी आहेत! आता गाडीच्या खडखडाटात तिच्या तोंडून "अगं बाई" एवढंच निघालं. समोरच्या गुजराती म्हाताऱ्यानं डोळे उघडून पाहिलं आणि पुन्हा मिटले.

नलूचं काम तसं सांगायला सोपं होतं. मुंबईच्या एका संस्थेत टाकलेली, सोडलेली तान्ही मुलं यायची. संस्थेत पाळणे कमी आणि दूध त्याहून कमी. म्हणून किनाऱ्यावरच्या आणि डोंगराकडच्या गावांतल्या अंगावर दूध असलेल्या बायांकडे ती मुलं पोसायला द्यायची, आणि महिन्याकाठी कुणीतरी जाऊन बघून यायचं. ते कुणीतरी म्हणजे नलू. बाळाचं वजन करायचं, देवी टोचल्या का बघायचं, घरात वारा-उजेड आहे का बघायचं, आणि पोसणाऱ्या बाईला धीर द्यायचा, लागेल ती मदत करायची. हे शेवटचं मुंबईच्या मोठ्या बाईंनी फार जोर देऊन शिकवलं होतं. पोसणारीला एकटं वाटता कामा नये. तिच्या मागे कुणीतरी उभं आहे हे तिला कळलं पाहिजे. नलूला ते वाक्य आवडलं होतं. डबे घेऊन खाचखळग्यांतून चालताना ती ते मनाशी म्हणायची. जमनाचं पहिलं मूल पाचवीच्या आतच गेलं होतं, दूध दाटून ती तापानं फणफणली होती, त्या आठवड्यात नलूनं पदराखालून आणलेली मुलगी तिच्या मांडीवर ठेवली. संस्थेत मुलीचं नाव काहीतरी वेगळं होतं. जमनानं तिला लाडकी म्हटलं, आणि तेच राहिलं.

दुसऱ्या गावांत पहिला प्रश्न ठरलेला: कोणाचं मूल, कुठल्या जातीचं? केळव्याच्या बागायतदारणींनी तर तिची उलटतपासणीच केली होती. नवापुरात कुणी चकार शब्द विचारला नाही. तुमचं लग्न झालंय का, हेही नाही. नलूनं मुंबईच्या सभेत नवापूरची तारीफ केली होती. कोळीवाड्यातली माणसं मनानं किती मोकळी, असं म्हणाली होती. ती पोचली की जमना लाडकीला तिच्या मांडीवर द्यायची आणि स्वतः बाहेर जाऊन दार लोटून घ्यायची. "अगं, आत ये ना, तुझ्यासमोरच बघायचंय मला," नलू म्हणायची. बाहेरून उत्तर यायचं, "बसा तुमी. कोन नाय येत." ताणकाट्याच्या झोळीत लाडकी किंचाळली की गल्लीतून जमनाचा दबका आवाज ऐकू यायचा, "गप ऱ्हावा गो. तिला बगू द्या." नलूला वाटायचं, संस्थेच्या कामाचा मान ठेवतात. जमनाचा नवरा धर्माजी तर तिला पाहिलं की मान वळवून समुद्राकडे निघून जायचा, आणि नलू त्याला मनातल्या मनात उर्मट म्हणायची. एकदा भिंतीपलीकडे कुणीतरी म्हणालं होतं, "बामनाची हाय बिचारी, काय करल?" तेव्हा नलूची समजूत झाली, आपण मासे खात नाही म्हणून. पुढच्या खेपेपासून तिला सुक्या मासळीऐवजी नारळ मिळू लागला, तेव्हा तर तिची खात्रीच पटली.

म्हणजे इतके दिवस. म्हणजे प्रत्येक महिन्याला. एका अख्ख्या गल्लीनं ठरवलं होतं की ही डबेवाली, काटेवाली बाई म्हणजे ते मूल पोटी आलेली, लोकलाजेनं दूर ठेवलेली, आणि राहवत नाही म्हणून नोकरीचं सोंग घेऊन महिन्याकाठी धावत येणारी आई आहे. आणि एकानंही तिला तसं कळू दिलं नव्हतं. ना टोमणा, ना कुजबुज, ना पोरासोरांचं फिदीफिदी. पुरुषांनी माना वळवल्या, बायांनी दार लोटलं, म्हातारीनं पाठीवर हात ठेवला. वाईला मावशीच्या शेजारच्या विधवा आक्कांना गर्भ राहिला होता, तेव्हा ती बातमी आधी कोपऱ्यावर पोचली होती, मग आक्कांना. त्यांच्या दारावरून जाताना लहान नलूलासुद्धा मोठ्यानं खाकरायला शिकवलं होतं. आणि इथे, जिथे एका घरातलं भांडण चार घरं पलीकडे ऐकू जातं, तिथे नवापूरची माणसं एक गुपित छातीशी धरून बसली होती, आणि ते गुपित खरंही नव्हतं. नलूला हसू येईना आणि रडूही येईना. देवळाच्या गाभाऱ्यात एकदम पाऊल पडावं आणि डोळ्यांना काही दिसू नये, तसं तिला झालं.

बोईसर आलं. स्टेशनबाहेर ट्रकांची रांग होती, तारापूरच्या बिजलीघराच्या कामावर निघालेली माणसं हिंदीतून एकमेकांना हाका मारत फळ्यांवर चढत होती. नलू एसटीच्या रांगेत उभी राहिली आणि तिला मागचा महिना आठवला. तेव्हा तिनं जमनाला लाडकीला न्यायचं सांगितलं होतं. सांगणं तिला जड गेलं होतं, कारण मूल परत न्यायचं हे काम तिनं आधी केलं होतं. वाणगावकडच्या एका पाड्यावर कमळी नावाची बाई तिला लांबून बघताच मूल काखेला मारून रानात पळाली होती. संध्याकाळी आपणच परत आली, आणि मूल नलूच्या हातात देऊन तोंड फिरवून बसली. ते तोंड फिरवणं नलूला अजून स्वप्नात दिसे. जमना त्या दिवशी करंदीची बारीक कोलंबी निवडत होती. नलू म्हणाली, "लाडकीला आता मुंबईला न्यायची वेळ आलीय. कायमचं घर मिळतंय तिला." "कायमचं?" जमनाचे हात थांबले. "हो." "मंग आता लोकांचा भेव नाय ना कोनाला?" "भय कसलं? सगळं रीतसर झालंय." जमनाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं आणि त्याच वेळी ती हसली. "मंग न्या. तुमीच नेनार ना?" "मीच." "बास," जमना म्हणाली, आणि पुन्हा करंदी निवडू लागली. नलूला ते लागलं होतं. अंगावरचं पाजून मोठी केलेली पोर, आणि एवढंच? बास? हिचा जीव लागलाच नव्हता की काय? आता कळलं, ते बास कसलं होतं.

एसटी हलली. भाताची रिकामी खाचरं, ताडांची रांग, मग खाजणाचा खारा वास. आता करायचं काय, हा प्रश्न होता, आणि त्याचं सोपं उत्तर नलूच्या शेजारीच येऊन बसलं होतं. गप्प बसायचं. बस्स. दादरला एक जोडपं वाट बघत होतं. भली माणसं, मूलबाळ नाही, नवी बाहुली आणून ठेवलेली. नवापुरात कुणी रडणार नाही, कुणी रानात पळणार नाही, पोर हसत हसत बसमध्ये चढेल, आणि जमना जन्मभर समाधानानं म्हणेल, तिची तिला दिली. कुणाचं काय बिघडलं? एका गैरसमजानं जे दुःख वाचतंय ते आपण होऊन कशाला ओढवून आणायचं? मोठ्या बाईंनीसुद्धा हेच सांगितलं असतं, कदाचित. आणि या सोप्या उत्तराच्या मागे आणखी एक काहीतरी होतं, ज्याच्याकडे नलू बघायला धजत नव्हती आणि बघतही होती. ती पस्तिशीला आली होती. लग्नाचं कुणी बघणारं उरलं नव्हतं, आई लहानपणीच गेलेली. आणि या जगात एक गल्ली अशी होती की जिथे ती महिन्यातून एकदा कुणाची तरी आई असायची. तिला ठाऊक नसताना असायची. एसटीचे धक्के बसत असताना नलूनं एक क्षण, अगदी एकच क्षण, ते आपल्या अंगाला लावून बघितलं. पोटात काहीतरी हललं. ती घाबरली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

वळणावर उतरली तेव्हा आज कुणी हाळी दिली नाही. बोंबलांच्या दोऱ्यांशी कुणी नव्हतंच. गल्ली झाडून, सडा घालून ठेवलेली. जमनाच्या ओट्यावर बाया बसल्या होत्या, ठेवणीतली लुगडी नेसून, केसांत अबोली माळून. एवढ्या बाया असून एवढी शांतता नलूनं कधी पाहिली नव्हती. रखमानं पुढे येऊन तिचा हात धरला, पाटावर बसवलं, आणि नलू नको नको म्हणत असताना तिच्या पायांवर कोमट पाणी घातलं. मग सुपात खण, नारळ, तांदूळ, हळदकुंकू आलं. नलूला समजलं आणि ती ताडकन उठायला गेली. "आजी, माझं लग्न नाही झालेलं. माझी ओटी कशी—" रखमानं तिच्या खांद्यावर हात दाबून तिला खाली बसवलं. "त्याचा इचार केलाय आमी. सगल्यांनी बसून केलाय. ओटीला नवरा लागते असा लोकं म्हनतात. म्हनू द्या. लेकरू हाय ना? लेकराची आयस रिकामी नाय जात आमच्या दारातून." आणि तिनं तांदळाची ओंजळ नलूच्या पदरात सोडली. तांदळाचा तो बारीकसा भार मांडीवर आला तेव्हा नलू उठायचं विसरली. हे आक्कांच्या दारावरून खाकरत जाणाऱ्यांना कळलं असतं का? हा विचार ज्या बायांनी एकत्र बसून केला, त्या कोणत्या शाळेत गेल्या होत्या? तिला वाटलं, आपण इतकी वर्षं या ओट्यावर वारा-उजेड मोजत होतो.

मग गोधडी आली, गल्लीतल्या सगळ्यांच्या जुन्या लुगड्यांच्या तुकड्यांची. मग डिंकाच्या लाडवांचा डबा. बाळंतिणीची पाठवणी करतात तसं सगळं, फक्त बाळ पायांनी चालणारं. जमना डब्याचं झाकण उघडून दाखवत म्हणाली, "खावा बिनघोर. नव्या टोपात केलेत. त्या टोपाला मासली लागली नाय कदी." नलूनं तिच्याकडे पाहिलं. जमना नटली होती, पण तिचे डोळे सुजलेले होते, आणि त्या सुजलेल्या डोळ्यांत कसली तरी लगीनघाई होती, लेकीला सासरी नव्हे, लेकीला लेकीच्या आईकडे धाडायची. तिनं आत जाऊन लाडकीला आणलं. न्हाऊमाखू घातलेली, काजळाची तीट लावलेली, नवा झगा घातलेली पोर दारात उभी राहिली. जमना तिच्या मागे वाकून म्हणाली, "जा. कोन हाय ती? सांग बगू." लाडकी दुडदुडत आली, नलूच्या मांडीवर, तांदळांवरच, बसली आणि धडा म्हणून दाखवावा तसं म्हणाली, "आय." बाया गहिवरल्या. "आनी मी कोन?" जमनानं विचारलं. तिचा आवाज जरा फाटला. लाडकीनं मान वर करून तिच्याकडे पाहिलं, आठवलं, आणि म्हणाली, "मावशी."

"महिनाभर शिकवली," जमना म्हणाली. "आदी इसरायची. आता नाय इसरत."

नलू हे सहन करू शकली नाही. जे काही गप्प बसायचं ठरवलं होतं ते या एका शब्दाखाली मोडून पडलं. "जमना," ती म्हणाली, "मी हिची आई नाही गं." रखमा हळूच म्हणाली, "आता कशाला बाय? इतं परका कोन हाय?" दाराशी उभा असलेला धर्माजी तिला अवघडायला नको म्हणून लगेच मान खाली घालून निघून गेला. "नाही आजी, खरंच नाही. मी नोकरी करते. केळव्याला जाते, वाणगावला जाते, सगळीकडची मुलं बघते. माझ्या गेलेल्या आईची शपथ." ती जितकं सांगत होती तितकी त्या बायांच्या डोळ्यांतली माया वाढत होती, कुणीतरी पाण्याचा तांब्याही पुढे केला. शेवटी नलू म्हणाली, "मी हिला माझ्याकडे नाही नेत. दादरला एक जोडपं आहे, त्यांना द्यायचीय. दत्तक."

मग मात्र त्यांना पटलं. ते पटताना नलूनं पाहिलं. एकेक चेहरा मिटत गेला. तिला वाटलं, आता शिव्या येतील, आता ओटी परत मागतील, फसवलं म्हणतील. जमना जिथे उभी होती तिथेच खाली बसली. बराच वेळ ती लाडकीच्या पायांकडे बघत होती. मग तिनं विचारलं, "मंग हिची आयस?"

"ठाऊक नाही. दवाखान्यात बाळंत झाली. सकाळी खाटेवर नव्हती. नावसुद्धा खरं दिलं नसेल तिनं."

"म्हंजी ती एकदा पन नाय आली?"

"नाही."

रखमानं कपाळावर हात मारून घेतला. "आमी समजलो, महिन्याला येते, बगते, जीव गार करून जाते. आमाला वाटायचा, चला, एवढा तरी सुख हाय तिला." आणि ती रडू लागली, आणि तिच्या पाठोपाठ ओट्यावरच्या सगळ्याच. नलूला क्षणभर कळेना की या कुणासाठी रडताहेत. पोरीसाठी नव्हे, पोर मांडीवर लाडवाचा डिंक चोखत होती. जमनासाठीही नव्हे. "मंग ती कंय हाय गो?" जमना म्हणाली. "एवढी वर्सां ती कंय हाय? तिला कोन सांबालते?"

हा प्रश्न नलूनं कधी ऐकला नव्हता. मुंबईच्या कचेरीत नाही, सभेत नाही, स्वतःच्या मनातही नाही. खाटेवरून उठून गेलेली ती बाई तिच्या लेखी त्या सकाळीच संपली होती. इथे मात्र नलूच्या रूपानं ती इतकी वर्षं जेवलीखाल्ली होती, तिच्यासाठी नारळ काढून ठेवले होते, तिच्यासाठी गल्ली गप्प झाली होती. आणि आज कळलं की ती आलीच नव्हती, तर तिच्या वाटेकडे डोळे लावून सगळा ओटा रडत होता. समोरच्या बाया नलूला ओळखीच्या वाटेनात. त्या फार मोठ्या दिसू लागल्या.

जमना उठली. तिनं वाकून नलूच्या मांडीवरून लाडकीला उचललं आणि कडेवर घेतलं. "मंग मी नाय देत," ती म्हणाली. रागावून नव्हे.

"जमना, कागद झालेत गं. चांगली माणसं आहेत ती."

"असतील. तुमची असती तं दिली असती मी, दिलीच व्हती. पन ती आली तं? कोनी सांगितला तिला, पोर नवापूरला हाय, आनी ती आली दारात, तं मी काय सांगू? दादरला दिली? दादरात कोनाला इचारल ती?"

"ती येणार नाही, जमना."

"तुमाला काय ठाव?" जमनानं पोरीला दुसऱ्या कडेवर घेतलं. "तुमी आल्या ना? पोर तुमची नसून तुमी महिन्याला महिना आल्या. तिची तं हाय."

लाडकीनं डिंकाचा हात जमनाच्या गालाला लावला आणि शिकवलेलं बरोबर आठवून म्हणाली, "मावशी." "मावशी नाय गो," जमना म्हणाली, "आय म्हन. ती येतंवर आय म्हन." आणि तिनं तोंड पोरीच्या झग्यात लपवलं, तेव्हा कुठे ती स्वतःसाठी रडली.

नलू पदर सावरून उभी राहिली. तांदूळ सांडू नयेत म्हणून तिनं दोन्ही हातांनी ओटी धरली होती. "राहू दे हिला," ती म्हणाली. आपला आवाज तिला परका वाटला, आणि चांगला वाटला. "मी मोठ्या बाईंना सांगते. दुसरं कुणी न्यायला आलं तर मी त्यांच्या आधी येईन. दत्तक द्यायचीच असेल तर तुम्हालाच द्या म्हणून बसेन त्यांच्या दारात." नोकरी राहील का, हा विचार मनात आला आणि लगेच गेला. रखमानं डोळे पुसून तिच्याकडे नीट पाहिलं, जणू आज पहिल्यांदाच बघत होती. "आनी तू येशील ना महिन्याला?" तिनं विचारलं. ती तुमी वरून तू वर कधी आली ते कुणालाच कळलं नाही. "येईन." "काय म्हनून येशील?" म्हातारीनं थोडी वाट पाहिली. मग तिनं लाडवांचा डबा गोधडीत बांधला आणि तो नलूच्या काखेत दिला. "बरां. काय पन म्हनून ये. पन तू गावोगाव फिरतेस. ती कंय गावली तं तिला सांग, पोर नवापूरला हाय, कोन काय बोलनार नाय तिला. हात धरून आन इतं."

नलूनं मान डोलावली. कसं शोधणार, नाव नाही, गाव नाही, चेहरा तर तिनं कधी पाहिलाच नव्हता.

बोईसरच्या फलाटावर परतीच्या गाडीला अवकाश होता. बिजलीघराच्या कामावरून बाया परतत होत्या, घमेली उपडी डोक्यावर ठेवून, पायांना सिमेंट लागलेलं. भाजीच्या पाट्या घेऊन वाडवळणी बसल्या होत्या, डोंगराकडच्या दोघी लाकडाच्या मोळ्यांना टेकून तंबाखू मळत होत्या, एक बाई नुसतीच रुळांकडे बघत होती. नलू इतकी वर्षं या फलाटावरून गेली होती, आणि इथे इतक्या बाया असतात हे तिला ठाऊक नव्हतं. काखेत गोधडी धरून ती हळूहळू चालू लागली. मोळीशी बसलेली ती? वय जुळतं. ती हसतेय, पण हसणारीही असू शकते. ही पोराला पाजतेय. हे दुसरं असेल. प्रत्येक चेहऱ्यामागे एक सकाळ होती, आणि त्या सकाळी ही कुठल्या खाटेवरून उठली, कुणाला ठाऊक? घमेलेवाली एक तरुण बाई तिच्या बघण्यानं वैतागली. "क्या देखती है, बाई?" ती म्हणाली. "कुछ नहीं," नलू म्हणाली. डब्यातला एक लाडू काढून तिनं त्या बाईच्या हातावर ठेवला, आणि पुढचीकडे वळली.